आडवा ओरखडा

गाडीच्या पोटाखालची, इंजिनाला दगडांपासून जपणारी जुनी प्लेट सुटून आली. ताईनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि रस्त्याकडची बाजू वर करून बाकावर ठेवली.

"तिच्याकडे काय बघतेस? टाक भंगारात," भाऊ म्हणाला. "नवी पोलादी बसव, चांगली जाड बघून. दुपारी निघायचंय मला."

गाडीत मागे औषधांच्या पेट्या दोरीनं आवळून तयार होत्या. वरच्या वस्त्यांवर त्याच्याशिवाय कुणाची गाडी जात नसे.

ताईनं खिशातून खडू काढला. गॅरेज तिचं, तशी रीतही तिचीच. उतरवलेली प्लेट आधी खडूनं घासायची, मग तळव्यानं पुसायची. पांढरी भुकटी ओरखड्यांत बसून राहते आणि गाडी कुठून कशी गेली, ते प्लेट आपणहून सांगते.

"अगं, राहू दे ना. इतकी झडती तर बायकोही घेत नाही."

"ती भोळी आहे. मी तुला रांगताना पाहिलंय."

खडू फिरत राहिला. अ‍ॅल्युमिनियम जातीचं मऊ, दगडानं जरा दात लावला की खूण उरते. रेघा उमटू लागल्या. सगळ्या पुढून मागे, गाडी जाते तशा, नांगरलेल्या तासांसारख्या सरळ. ऑइल चेंबरच्या खाली एक पोचा आलेला, तोही नेहमीचाच. ताई काहीतरी गुणगुणत होती.

मग गुणगुणणं थांबलं.

एक रेघ आडवी होती. डावीकडून उजवीकडे, वीतभर लांब, आणि तिच्या टोकाला खाच. बोटाचं पेर आत जाईल एवढी खोल.

आडवी रेघ म्हणजे गाडी तेव्हा पुढे जात नव्हती. बाजूला जात होती.

"ही कुठली?"

भाऊ पेट्यांच्या गाठी तपासायला लागला. मघाशीच तपासलेल्या.

"तुला विचारतेय मी."

"ओढ्याच्या वरचं वळण. खडी सुटली होती तिथली."

"त्या वळणावर, गाडी सरकली त्या बाजूला काय आहे?"

त्यानं आणखी एक गाठ ओढली. त्या वाटेनं ताई एकदा गेली होती, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. त्या बाजूला काहीच नव्हतं. नुसती हवा, आणि खूप खाली पाण्याचा आवाज.

"आणि मला सांगितलंस, रस्ता लोण्यासारखा झालाय म्हणून."

"लोण्यासारखाच! त्याशिवाय घसरलो का?"

तो हसला, पण एकटाच. मग हळूच म्हणाला, "घरी सांगू नकोस हं."

ताईनं भिंतीशी टेकवलेली पोलादी प्लेट ओढत आणली. बाकावर टेकवताना तिला धाप लागली. "हीच घे. हत्ती नाचला तरी वाकायची नाही. दगड घासला तर दगड झिजेल. हिला धरायला त्याला जागाच..."

बोलता बोलता पोलादावरून फिरणारा तिचा हात सरकत पार कडेला गेला, आणि कडेवरून खाली निसटला.

तिनं त्या हाताकडे पाहिलं. भाऊही तिच्या हाताकडेच बघत होता.

"त्या दिवशी दगडानं धरलं, ताई," तो म्हणाला. "पत्र्यात रुतला तो. म्हणून थांबलो."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, ताई दचकली. समोर दोन प्लेटी होत्या. पोलादी फाटणार नव्हती, पण कड्यावर ती थांबणारही नव्हती. मऊ प्लेट थांबवेल, पण एखाद्या दिवशी कुठल्यातरी टोकदार दगडावर फाटेल, चेंबर फुटून सगळं ऑइल मातीत सांडेल, आणि हाक मारायला आसपास चिटपाखरू नसेल. हात फिरवून, टिचकी मारून, वजन तोलून ती आजवर पत्रा पारखत आली होती. आज बोटं तिला काहीच सांगत नव्हती.

"नको जाऊस."

"आणि पेट्या? त्या काय पायी जातील?"

"दुसऱ्या कुणाला पाठव."

"त्यालाही कुणीतरी ताई असेलच की."

तिनं पोलादी प्लेट परत भिंतीशी नेऊन ठेवली. बाकाखालून अ‍ॅल्युमिनियमची कोरी प्लेट काढली, पाना घेतला आणि न बोलता दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरली.

एकेक बोल्ट आवळला गेला. मग एकेक पुन्हा आवळला गेला. मग पान्याचा आवाज बंद झाला, तरी ताई वर येईना.

भाऊ वाकला. खाली अंधूक उजेडात ती मान वर करून काहीतरी पुटपुटत उभी होती. खडूनं माखलेला हात तिनं नव्या पत्र्यावर टेकवला होता, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. हात काढला तेव्हा पाचही बोटं पांढरी उमटली होती. तिनं ती पुसली नाहीत.

"झालं का गं? कुणाशी बोलतेयस?"

"तू गाडी चालू कर."

इंजिन धडधडलं. त्या आवाजाखाली, फक्त त्या पत्र्याला ऐकू जाईल इतक्या हळू, ताई पुन्हा म्हणाली,

"धर हं त्याला. सोडू नकोस."