वेंडेलचं बोट

बॅटची कड घेऊन चेंडू मागे आला आणि वेंडेलच्या उजव्या बोटावर सणकन बसला. शेवटचा डाव, समोरचे दोन बाद, तिसरा गेला की सामना संपणार, आणि वेंडेलच्या संघाकडे एका धावेची आघाडी. अठरा वर्षं अमेरिकेतल्या आयोवाच्या या छोट्या बेसबॉल लीगमध्ये कॅचर म्हणून बॅटरच्या मागे उकिडवा बसून काढल्यावर वेंडेलचा हा शेवटचा सामना. सोमवारपासून तो मेहुण्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात बसणार होता. शेवटचा चेंडूही आपल्याच हातमोज्यात यावा, एवढीच त्याची इच्छा.

मॅनेजर टकरला बोट दिसलं असतं तर त्याने तिथल्या तिथे त्याला बाहेर काढलं असतं. टकर दुष्ट नव्हता, त्याला सामना जिंकायचा होता.

मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या अंपायरने, होबार्टने, खेळ थांबवला. खिशातून छोटा ब्रश काढून तो नेमका टकरच्या आणि वेंडेलच्या मधे वाकला आणि बॅटरजवळची जमिनीतली पांढरी होम प्लेट झाडू लागला. कॅचरला लागलं की अंपायरने प्लेट झाडत बसायचं, त्याला दम खाऊ द्यायचा, ही इथली रीत. बोलून कोणी दाखवत नाही.

"स्वच्छ आहे की ती," वेंडेल दात आवळून म्हणाला.

"मला दिसत नाही म्हणून अठरा वर्षं तूच बोंबलतोयस ना? मोडलंय?"

"वाकडं झालंय."

"मग कर सरळ. माझे अजून दोन कोपरे राहिलेत."

वेंडेलने बोट ओढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"होबार्ट, फरशी पुसायला घेतलीत का?" टकर लांबून ओरडला.

होबार्ट सावकाश उठला. नवा चेंडू त्याने स्वतःच चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे फेकला, वेंडेलला फेकू दिला नाही.

बॅटरच्या दोन स्ट्राइक झाल्या होत्या, एक हवी होती; चेंडू प्लेटवरून गेला किंवा बॅट हुकली की तिसरी आणि तो बाद. पुढचा चेंडू प्लेटच्या दोन इंच बाहेरून आला. वेंडेलने तो प्लेटवरूनच आल्यासारखा अलगद आत ओढला आणि तसाच धरून ठेवला. आज तरी म्हातारा स्ट्राइक देईल, असं त्याला वाटून गेलं.

"बॉल," होबार्ट म्हणाला. म्हणजे बाहेरचा, स्ट्राइक नाही.

हा चेंडू मात्र वेंडेललाच परत फेकावा लागला. त्यानंतरचा मधोमध आला, बॅट हवेत फिरली, चेंडू हातमोज्यात थडकला आणि सामना संपला.

सगळे जल्लोष करत पिचरच्या अंगावर जाऊन पडले. अंपायरचे आभार कोणी मानत नाही, तो आपला निघून जातो. वेंडेलने होबार्टला फाटकापाशी गाठलं.

"तो बाहेरचा चेंडू तुम्ही दिला नाहीत," तो धापा टाकत म्हणाला. "आभारी आहे."

"आभार कसले? बाहेरच होता तो."

"आज फुकट दिला असतात, तर आधी मिळालेले सगळेच मला फुकटचे वाटले असते."

होबार्टने फाटक उघडलं.

"दोन इंच बाहेर होता," तो म्हणाला. "पण काय सुरेख धरलास रे."