हात वर!

फळ्यावर लिहायला हात उचलला की बाईंच्या बोटांना मुंग्या यायच्या. तपासण्यांत काही निघेना. नवरा म्हणे, "कपडे वाळत घालायची वेळ झाली की बरोबर मुंग्या येतात तुला! नाटकं सगळी."

नव्या डॉक्टरांनी मात्र त्यांना दोन्ही हात वर धरून मुठी उघडमीट करायला लावल्या आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत."

थोड्याच वेळात बाई रडकुंडीला आल्या. "डॉक्टर, हात गळून पडेल हो!"

"घ्या खाली. हात वर केला की कॉलरबोनखाली नस दबतेय तुमची. व्यायामाने बरं वाटेल." डॉक्टर मिस्कील हसले.

"वर्गात मला असं उभं करायचात, तेव्हा मीही हेच सांगायचो, बाई. तुम्ही म्हणायचात, 'नाटकं पुरे!'"