कवडशाची रेघ

"हे चालणार नाही," म्हणत भावना मॅडमनी पानं टेबलावरून परत सरकवली. "अंकुश भाऊ, ही धर्मेंद्र सरांची रेघ आहे."

अंकुशनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा तेच वाक्य. सदर भागातल्या त्या छोट्या प्रकाशन कार्यालयात कूलर असा घरघरत होता, की शांत माणसालाही भांडावंसं वाटावं.

"मॅडम, गोष्ट माझी, चित्रं माझी. महिनाभर मान मोडून बसलो मी."

"गोष्ट मस्तच आहे. पण पान पाहिलं की जो तो म्हणतो, 'महातेज'चा नवा अंक का? उद्या सर म्हणाले, माझी नक्कल छापली, तर मी काय सांगू? सोमवारी तुमच्या स्वतःच्या रेघेतली पानं आणा. नाहीतर चित्रं मोहितकडून काढून घेईन. गोष्टीवर नाव तुमचंच राहील."

"मोहितकडून? त्याला घोडा काढता येत नाही!"

"तुमच्या गोष्टीत घोडा नाही," मॅडम म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

घोडा नव्हता हे खरं. गोष्टीत कवडसा होता. एका महानायकाचा जुना साथीदार. त्याच्या मागे मागे उडून कंटाळलेला, आता एकटाच निघालेला. पहिल्याच प्रसंगात कवडसा उड्डाणपुलावरून लोंबकळणारी बस एका हातानं वर ओढून घेतो, आणि बसमधली बाई पदर सावरत विचारते, "मोठे साहेब नाही आले का?" हे लिहिताना अंकुशला फारसा विचार करावा लागला नव्हता.

बीएस्सीचा निकाल लागला त्याच आठवड्यात तो धर्मेंद्र सरांकडे लागला होता, आणि गेल्या वर्षापर्यंत तिथंच होता. काम, त्यांच्या 'महातेज' या चित्रकथेच्या पानांवर शाई फिरवायचं. सर फिकट निळ्या पेन्सिलीनं कच्चं काढत. डोकं कुठं, हात कुठं, महातेज कोणत्या बाजूला झेपावतो. अंकुश त्यावर काळ्या शाईनं पक्कं करी. स्कॅनर फिकट निळा रंग पकडत नाही, म्हणून पेन्सिल खोडायची भानगड नसे. छापून येई ती फक्त शाई. मुखपृष्ठावर सरांचं नाव. अंकुशचं आत, छापखान्याच्या पत्त्याखाली, बारीक अक्षरात.

आता तिथून बाहेर पडला होता, तर सरांचा हात त्याच्या हातातून बाहेर पडत नव्हता.

त्यानं रीतसर प्रयोग केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी निब बदलली. मग कागद. मग निब टाकून ब्रश घेतला. शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हातानं काढलं.

त्याची बहीण प्रीती मिहानमधल्या कंपनीतून शिफ्ट संपवून आली. चप्पल काढता काढता तिनं पान उचललं.

"दादा, हा गच्चीवरून पडून राहिला का?"

"उडून राहिला तो."

"असा कोण उडते गा? पण तोंड तेच आलं. महातेजचा लहान भाऊ वाटते."

"मले त्याचा भाऊ नाही पाहिजे वं!" अंकुशनं पान हिसकावून चुरगाळलं. "डाव्या हातानं काढलं, तरी त्याचंच तोंड!"

"मंग सरायलेच जाऊन विचार ना. त्यायनं लावलं वळण, तेच सोडवतीन."

"मी नाही जात."

"काहून? खाऊन टाकतीन का तुले?"

अंकुशनं चुरगाळलेलं पान कोपऱ्यात भिरकावलं. सोडून येताना त्यानं सरांना एकच वाक्य ऐकवलं होतं, "मले माझं काही करायचं आहे." सर म्हणाले होते, "कर." त्यानंतर फोनसुद्धा नाही. आणि आता 'होत नाही' हे सांगायला त्यांच्याच दारात जायचं, या विचारानंच त्याचं डोकं तापत होतं.

तरी रविवारी सकाळी तो सरांच्या गावाला, मौद्याला, जाणाऱ्या बसमध्ये बसला.

दार सरांनीच उघडलं. अंगात बनियन, बोटं शाईनं काळी.

"ये गा, अंकुश. चहा घेशीन?"

"चहा नको, सर." त्यानं दिवाणावर पानं पसरली. एकदा सुरू झाला तसा थांबेचना. "हे पाहा. तीनदा परत आले. म्हणतात, ही तुमची रेघ आहे. मी निब बदलली, ब्रश घेतला, डाव्या हातानं काढून पाहिलं. काही केल्या तुमचा हात जात नाही. कसा सोडू ते सांगा. नाहीतर तुमची हरकत नाही, एवढं तरी मॅडमले सांगा. माझं पुस्तक दुसऱ्याले चाललं, सर."

सरांनी चष्मा लावला. एक पान डोळ्यांजवळ धरलं. कवडशाच्या जबड्याच्या रेघेवरून त्यांचं नख सावकाश फिरत गेलं.

"माझी रेघ म्हणतात?"

"जो पाहते, तो म्हणते."

"आणि तुलेही तसंच वाटते?"

"मले आरशातही तीच दिसून राहिली, सर."

सर हसले नाहीत. वैतागून त्यांनी चष्मा काढला, दिवाणाखाली वाकले आणि एक गठ्ठा ओढून बाहेर काढला. 'महातेज'च्या नव्या अंकाची पानं.

"तू गेल्यावर दुसरा पोट्टा ठेवला नाही. म्हटलं, शाईच तर फिरवायची, आपणच फिरवू, त्यात काय एवढं." त्यांनी स्वतःची पानं कवडशाच्या पानांशेजारी मांडली. "दोनदा परत आला हा अंक. प्रकाशक म्हणते, सर, पोट्ट्यायकडून काढून घेणं बंद करा, आधीसारखं स्वतःच्या हातानं काढा."