उरलेली गोटी

शवपेटीचं झाकण अजून उघडं होतं. मॅरियनने वडिलांच्या टायची गाठ सारखी केली, चष्मा त्यांच्या वरच्या खिशात ठेवला आणि पर्समधून त्यांची दुधी पांढरी गोटी काढली. ती आयुष्यभर त्यांच्या खिशात असायची. लहानपणी तिने एकदा खेळायला मागितली, तेव्हा ते तिच्यावर ओरडले होते. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस. शेवटच्या दुखण्यात मात्र स्वतःहून म्हणाले, "ही माझ्या तळहातावर ठेव. झाकू नकोस."

मागे पावलं वाजली. तिने गोटी मुठीत लपवली.

दोन म्हातारे. निळे कोट, छातीवर एकसारख्या सोनेरी पिना. कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीतले, म्हणजे एका घरात राहणाऱ्या, शपथेने बांधलेल्या पोरांच्या मंडळातले, वडिलांचे 'भाऊ'. उंच वेन्डेलचा हात ठेंगण्या मर्टच्या खांद्यावर होता, जन्मापासून तिथेच असल्यासारखा.

"क्लाइड म्हणजे हिरा होता, पोरी," वेन्डेल म्हणाला.

"हिऱ्याला आजारपणात एक फोन करावासा नाही वाटला?"

"तोच टाळायचा आम्हाला. एकाही मेळाव्याला आला नाही."

तिला ते ठाऊक होतं. त्याचाच तिला अभिमान होता. या कळपात माणूस एकच होता, तिचा बाप. निदान आज तरी तो यांच्या हाती लागू द्यायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"फ्रॅटर्निटीचं हाउस नसतं, तर मी आज बूट विकत बसलो असतो," मर्ट म्हणाला.

"आणि आता?"

"बुटांचा कारखाना आहे."

"बरेच लांब आलात."

वेन्डेल खाकरला. "त्याची गोटी बघायचीय आम्हाला. बघून जातो."

"कसली गोटी?"

"नवा पोरगा घ्यायचा तर मतदान व्हायचं. प्रत्येकाला एक पांढरी, एक काळी. एक गुपचूप पेटीत टाकायची, दुसरी आपल्याजवळ. पेटीत एक जरी काळी निघाली, तरी पोरगा बाहेर."

"टोबी लिंडक्विस्ट," मर्ट म्हणाला. "आमच्यात यायचं म्हणून हिवाळाभर आमचे बूट पुसले त्याने. सांगू तेव्हा कुत्र्यासारखा भुंकायचा. गोड पोरगं. पेटीत एक काळी निघाली. सकाळी तो गोठलेल्या तळ्यावर चालत गेला. बर्फ पातळ होता."

"तुम्ही काय केलंत?"

"शपथ घेतली. उरलेली गोटी जन्मभर सांभाळायची, जिवंतपणी दाखवायची नाही. मेल्यावर भावांनी बघायची. काळी उरली असेल, तर त्याने पांढरी टाकली. तो सुटला."

"बाकीचे गेले," वेन्डेल म्हणाला. "सगळ्यांच्या काळ्याच निघाल्या. राहिलो आम्ही दोघं आणि हा."

मॅरियनने गोटीवरची मूठ आणखी आवळली. वडिलांचा तळहात उघडा होता. वाट बघत असल्यासारखा.

"ती आईच्या शवपेटीत ठेवली त्यांनी," ती म्हणाली.

"पण तू पाहिली असशील ना? रंग कुठला होता?" मर्टने विचारलं.

तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्या दोन पिनांकडे.

"काळी."

दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला. मग सावकाश वेन्डेलने मर्टच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.