पावलीची घासलेली बाजू

आत्याबाईंचं तेरावं झाल्यावर त्यांच्या पेटीत, जपमाळेखाली चांदीची एक जुनी पावली सापडली. घरची सून चंद्रप्रभा ती घेऊन दुसऱ्या आळीतल्या दत्तोपंत वकिलांकडे गेली. जुन्या नाण्यांचा नाद नांदेडात त्यांनाच होता.

दत्तोपंतांनी पावली उजेडात धरली, भिंगातून न्याहाळली. "निजामाच्या चारमिनार छापाच्या आधीची आहे. पण नवल बघा सूनबाई, ही बाजू कोरी करकरीत आणि ती पार गुळगुळीत! इतकी वर्षं नाणी बघून राहिलो, बाजारात फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं."

"मग ही एकाच बाजूनं कशी झिजली?"

त्यांनी गुळगुळीत बाजूच्या एका खाचेतून सुईनं कण काढला. लाल होता. दत्तोपंत खुलले. "कुंकू! गोल उठावं म्हणून बायका कपाळावर नाणं दाबतात ना, तसं. रोज दाबायची, रोज पुसून ठेवायची. जन्मभराचं काम आहे हे. तुमच्या आत्याबाई मोठ्या हौशी असणार!"

चंद्रप्रभेनं पावलीसाठी हात पुढे केला.

"चिंचेत घालून साफ करू का? लाली गेली की चांदी कशी लखलखेल."

"नको काका." तिनं पावली घेऊन पदराच्या गाठीत बांधली. "आत्याबाई नवव्या वर्षीच विधवा झाल्या होत्या. दार लावून लावलेलं कुंकू दार उघडायच्या आधी रोज त्यांनीच पुसलं असेल. आता आपण नको पुसायला."