बाहीची कात्रणं

कोटाच्या बाहीला कात्री लावली आणि शरयूचा हात थबकला. कापलेल्या कडेला पांढरे सुती धागे लोंबत होते. वरून काळं कुळकुळीत आणि आतून साधं मांजरपाट. चामडं नव्हतंच ते. कापडावर रोगण चढवून केलेलं नकली चामडं होतं, रेक्झिन.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मुरारच्या छावणीबाजारात गोऱ्या सोल्जरांच्या जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते. त्यातून तिच्या नवऱ्याने, भालचंद्राने, हा कोट उचलला होता. कुणा धिप्पाड साहेबाचा असावा. बाह्या चार बोटं लांब आणि खांदे पार दंडावर उतरलेले. "असली चमडा आहे, दुकानदाराने गंगेची कसम खाल्ली," असं आठ दिवस घोकून भालचंद्राने सगळ्यांचे कान किटवले होते. तो शिवपुरीला जाणाऱ्या प्रवासी मोटारीवर ड्रायव्हर. भटजीचा मुलगा चाक फिरवतो याची बाकीच्या ड्रायव्हरांना भारी गंमत वाटे. 'पंडत' म्हणून त्याला उठताबसता चिडवत. कोट दाखवल्यापासून मात्र त्यांची तोंडं बंद झाली होती. नवरा शीळ वाजवत घरी येतो, हे शरयूने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पण चामडं म्हणून कोटाला घरात मज्जाव होता. सासरे माधवराव भिक्षुकी करणारे. पूजेला स्वतः मृगाजिनावर बसतील, पण साहेबाचं चामडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही म्हणजे नाही. त्यामुळे शिवणाचं मशीनच पडवीत आलं होतं आणि पौषाच्या गारठ्यात शरयू शेजारी शेगडी घेऊन बसली होती. काम मोठं किचकट. टाचणी लावायची सोय नाही, कारण एकदा पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून घडी खळीने चिकटवायची, आणि मशीन अडू नये म्हणून वर कागदाची पट्टी धरून शिवायचं. त्यात थंडीने कोट असा कडक झाला होता की दुमडताना कोपराशी बारीक तडा गेला. आणखी चार रात्री बाहेर काढल्या तर त्याचे पापुद्रे सुटणार, हे तिला दिसत होतं.

कापड आहे म्हणून सांगावं, तर कोट आत येईल पण नवऱ्याची मान खाली जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

फूलबागेकडच्या यजमानांची पूजा आटोपून माधवराव आले. तिने घाईघाईने कात्रणं पदराखाली सारली.

"काय लपवतेस, सूनबाई?"

तिने कात्रणं पुढे केली. त्यांनी आधी हात मागे घेतला. मग कडेचा धागा दिसला तसं एक कात्रण उचललं आणि धागा ओढून पाहिला.

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. मामंजी, त्यांना सांगू नका. मोटारीवर सगळ्यांना दाखवून बसलेत हो."

माधवरावांनी सगळी कात्रणं गोळा केली आणि शेगडीत टाकली. "शिवून झाला की आत ने," ते म्हणाले. "चुलीजवळच्या खुंटीला टांग."

"आणि आत कसा आला म्हणून विचारलं तर?"

"मी सांगितलं म्हणून सांग."

संध्याकाळी भालचंद्र आला तो कोट आत पाहून दारातच थांबला. "अप्पा, चमडा आहे तो."

"बाहेर तडकत होता. घालून तर बघ."

त्याने कोट घातला. बाह्या नेमक्या मनगटावर आल्या. वडील आपल्याकडे पाहताहेत, हे लक्षात येऊन तो लहान मुलासारखा लाजला. शरयूला फार बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारचे मुकुंदराव आले. वीस वर्षं त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य माधवरावांच्या हातचं. "अप्पा, मंगळवारी वडिलांचं श्राद्ध आहे," ते म्हणाले आणि त्यांची नजर भालचंद्रावर गेली. "हा तोच ना, चमड्याचा? घरात?"

भालचंद्र गडबडीने बटणं काढू लागला.

"मीच आणवला आत," माधवराव म्हणाले.

मुकुंदराव घुटमळले. "माझं काही नाही, अप्पा. पण आमच्या आईचं सोवळं तुम्हाला माहीत आहे. तिच्या कानावर गेलं तर ती तुमच्या हातचं..." पुढचं त्यांनी गिळलं.

शरयूने बोलायला तोंड उघडलं. कापड आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. माधवरावांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं, तशी ती चुलीकडे वळली.

"मुरारला एक तरुण भटजी आलेत, त्यांना बोलवा," ते मुकुंदरावांना म्हणाले. "मंत्र अगदी स्वच्छ म्हणतात."

मुकुंदराव मान खाली घालून गेले. भालचंद्राने कोट उतरवून हातावर घेतला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी बाहेर टांगतो, अप्पा. याच्यापायी तुमचं वीस वर्षांचं घर गेलं."

"राहू दे आतच," माधवराव म्हणाले. "पहाटे निघतोस तू. गारठलेला कोट अंगात घालवत नाही."