पहिलं कुणी उठायचं

गीताचं चौथं कडवं संपलं तरी चर्चमधल्या बाकांवरून कुणी हललं नाही.

पाळकांनी पुन्हा हाक दिली, "ज्यांना आपल्या तारणाची, पापातून सुटल्याची खात्री नाही, त्यांनी पुढं यावं. आपण प्रार्थना करू." ऑर्गनवर त्यांची बायको होती. तिनं मुकाट्यानं पुन्हा पहिलं कडवं धरलं. खास आजचा उपदेश ऐकायला आलेले बिशप घड्याळाकडे पाहू लागले.

पाळकांची नजर तिसऱ्या बाकावरच्या प्लंबरवर गेली. हा गृहस्थ नऊ वर्षं दर रविवारी न चुकता पुढं यायचा. पाळकांनी त्याला बायबलातली वचनं दाखवली, घरी जाऊन समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या पाठोपाठ चारपाच जण येत. ते मात्र आपल्या उपदेशामुळे, असं पाळक धरून चालले होते. काल त्यांनी प्लंबरला गाठलं होतं. "उद्या बिशप येताहेत. नऊ वर्षांत एका माणसाची खात्री पटत नाही म्हटल्यावर माझी काय शोभा राहील? एवढा रविवार बसून राहा."

प्लंबर दिल्या शब्दाला जागत होता.

दुसरं कडवंही संपलं. पाळकांनी भुवयांनी खुणावलं. प्लंबरनं मान खाली घातली. शेवटी पाळक पायऱ्या उतरून त्याच्यापाशी गेले आणि वाकून पुटपुटले, "उठा आता."

"तुम्हीच बसायला सांगितलंत."

"पण तुमची खात्री पटलेली नाही ना?"

"ती पहिल्याच महिन्यात पटली, पाळकसाहेब. तुम्ही छान समजावलं होतं."

"मग नऊ वर्षं उठताय कशाला?"

"शंका पुष्कळांना असते हो. पहिलं उठायची लाज वाटते. मला कसली लाज? उभा जन्म लोकांचे तुंबलेले संडास मोकळे करण्यात गेला."

पाळकांच्या कॉलरला माइक होता, आणि तो चालू होता.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग बाकं करकरली. बेकरीवाली उठली. निवृत्त हेडमास्तर घसा खाकरत उठले. त्यांच्यामागून आख्खी रांग लागली. आज प्रथमच प्लंबरला उठावं लागलं नाही.

पाळकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात उंचावून डोळे मिटले, आणि तेवढ्यात ऑर्गन थांबला. डोळे उघडून पाहतात तो रांगेच्या शेवटी त्यांची बायको येऊन उभी होती.